निर्मात्याचा हेतू आणि नैसर्गिक निवड: डार्विन-ग्रे वादाची पार्श्वभूमी

उत्क्रांती मान्य केल्यानंतर निर्मात्याच्या हेतूला जागा उरते का, या प्रश्नाची चर्चा विज्ञान विरुद्ध धर्म अशा ठरावीक चौकटीत होत असली, तरी तिचा सर्वांत कसदार भाग दोन मित्रांच्या पत्रव्यवहारात सापडतो. चार्ल्स डार्विन आणि हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांच्यात नैसर्गिक निवडीविषयी, म्हणजे उपयुक्त बदल असलेले जीव टिकतात आणि ते बदल पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात या सिद्धांताविषयी, फारसा मतभेद नव्हता. डार्विन यांनी 1857 मध्ये ग्रे यांना धाडलेल्या पत्रातील उतारा तर पुढच्याच वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीत हा सिद्धांत मांडताना वाचला गेला. मात्र ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि या निवडीमागे निर्मात्याचा हेतू आहे का, यावर दोघांचा वाद होता.

वादाचे मूळ त्याआधीचे आहे. इंग्रज धर्मशास्त्रज्ञ विल्यम पेली यांनी 1802 मध्ये, डोळ्यासारख्या अवयवाची नेमकी रचना हाच रचनाकाराचा पुरावा होय, असे प्रतिपादन केले होते आणि केंब्रिजमध्ये शिकत असताना डार्विन यांना ते पटलेही होते. नोव्हेंबर 1859 मध्ये डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर त्याच रचनेचे दुसरे स्पष्टीकरण, म्हणजे नैसर्गिक निवड, उपलब्ध झाले.

22 मे 1860 रोजी ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात डार्विन यांनी आपली अडचण उघड केली. जिवंत सुरवंटाच्या शरीरात वाढून त्याला आतून खाणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने हेतुपुरस्सर निर्माण केल्या असतील, हे त्यांना पटेना. आणि तरीही हे अद्भुत विश्व, विशेषतः मानवी स्वभाव, केवळ आंधळ्या शक्तींचा परिणाम आहे, असे मानूनही त्यांचे समाधान होईना. नियम योजलेले असावेत आणि बरावाईट तपशील योगायोगावर सोडलेला असावा, हा त्यांनी सुचवलेला मधला मार्ग त्यांना स्वतःलाही पुरेसा वाटत नव्हता.

ग्रे यांनी त्याच वर्षी ‘अटलांटिक मंथली’मध्ये लेख लिहून वेगळी वाट सुचवली: निवड निसर्ग करत असला, तरी ज्यांतून निवड होते ते बदल हितकर दिशेने वळवले जात असावेत. बदल का उद्भवतात हे त्या काळी कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ही जागा मोकळी होती, आणि माझ्या मते ग्रे यांच्या युक्तिवादाचे बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथेच होते. डार्विन यांनी मात्र पुढाकार घेऊन त्या लेखांची पुस्तिका काढवली आणि इंग्लंडमध्ये वाटली. मतभेद असूनही लेखांचा उपयोग ते ओळखून होते, हेही खरे.

त्यांचे जाहीर उत्तर 1868 मध्ये पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरील ग्रंथाच्या शेवटी आले. कड्यावरून कोसळलेले ओबडधोबड दगड निवडून कोणी इमारत बांधली, तर प्रत्येक दगडाचा आकार त्या इमारतीसाठीच ठरलेला होता असे म्हणता येईल का? कबुतरांच्या शौकिनांना निरनिराळ्या जाती पैदा करता याव्यात म्हणून कबुतराच्या शेपटीत बदल घडवले गेले का, किंवा बैलाला जबड्यात धरून ठेवण्याच्या क्रूर खेळासाठी कुत्र्याचा बांधा बदलला गेला का? याला ‘नाही’ म्हणायचे, तर निसर्गातील बदलही मुद्दाम वळवले गेले असे मानायला आधार उरत नाही, असे म्हणून त्यांनी ग्रे यांचे नाव घेऊन असहमती नोंदवली.

1874 मध्ये प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ चार्ल्स हॉज यांनी डार्विनवाद म्हणजे निरीश्वरवाद असा निवाडा दिला. डार्विन यांना तो मान्य नसावा, कारण 1879 मधील एका पत्रात, मनुष्य निस्सीम ईश्वरवादी आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो याबद्दल शंका घेणे त्यांनी हास्यास्पद ठरवले आणि उदाहरण म्हणून इंग्रज धर्मोपदेशक आणि कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांच्याबरोबर ग्रे यांचेच नाव दिले.