आयुष्मान कार्ड आणि आभा क्रमांक: अर्ज नेमका कुठे अडतो आणि घरातून काय घेऊन निघावे

कोल्हापूर जिल्ह्यातील ज्या रुग्णांचे आयुष्मान कार्डाचे अर्ज परत आलेले मी पाहतो, त्यांतील बहुतेक जण योजनेला अपात्र नसतात. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला नसतो, शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक हाती नसतो किंवा दोन कागदांवर नाव दोन प्रकारे लिहिलेले असते. हे तिन्ही अडथळे प्रकृती धड असताना, सवडीने दूर करता येतात. रुग्ण दाखल झाल्यावर मात्र नातेवाइकाने रुग्णाजवळ थांबायचे की तहसील कार्यालय गाठायचे, असा पेच पडतो, आणि चंदगड किंवा शाहूवाडीसारख्या तालुक्यातून आलेल्या कुटुंबासाठी तो फार महागात जातो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभा हा चौदा अंकी क्रमांक असून आपले केसपेपर, तपासण्या आणि औषधांच्या नोंदी आपल्या संमतीने एकत्र पाहता याव्यात, यासाठी तो आहे. तो कोणालाही विनाशुल्क काढता येतो, परंतु त्यावर उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. उपचाराचा खर्च भागतो तो आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या एकत्रित योजनेतून, आणि त्यासाठी आयुष्मान कार्ड लागते. आभा क्रमांकाची छापील प्रत घेऊन रुग्णालयात येणारी आणि तेथे प्रथमच ही गोष्ट समजणारी कुटुंबे आजही दिसतात, याची जबाबदारी गावोगावी शिबिरे घेऊन दोन्ही कार्डांची नावे एका दमात सांगणाऱ्यांवरही येते.

पात्रतेबाबत फारशी गुंतागुंत राहिलेली नाही. जुलै २०२४ पासून राज्यातील पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना या योजनेचे संरक्षण असून, प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. "आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हाला काही मिळणार नाही" असे गृहीत धरून घरी बसलेल्यांनी ही माहिती अवश्य लक्षात घ्यावी. कार्ड मात्र कुटुंबाचे एकच नसते. प्रत्येक सदस्याची ओळख स्वतंत्रपणे पटवून प्रत्येकाचे कार्ड स्वतंत्र काढावे लागते.

आधारला जोडलेला मोबाइल हा सर्वांत मोठा अडथळा आहे. आधार काढताना दिलेला क्रमांक रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडलेला असतो, किंवा तो मुंबईला नोकरीस असलेल्या मुलाचा असतो आणि तो नेमका कामावर असताना ओटीपी त्याच्याकडे जातो. क्रमांक बदलण्यासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही, मात्र व्यक्ती स्वतः हजर असावी लागते. आधार केंद्रात हे काम होते. त्याशिवाय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या माध्यमातून पोस्टमनही मोबाइल क्रमांक अद्ययावत करून देतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी ही सोय मोलाची आहे, तरी गावातील पोस्टात तिच्याविषयी फलक क्वचितच दिसतो. म्हणून पोस्टमास्तरांकडे थेट चौकशी करावी. ठरलेले शुल्क भरून पावती घ्यावी आणि क्रमांक नोंदला गेल्याची खात्री झाल्यावरच पुढील अर्जाला हात घालावा. त्याच दिवशी दोन्ही कामे उरकण्याचा प्रयत्न केल्यास बहुधा दुसरी खेप पडते.

दुसरा अडथळा शिधापत्रिकेचा. जुन्या पुस्तिकेवर छापलेला क्रमांक योजनेचे संकेतस्थळ स्वीकारत नाही. त्यासाठी संगणकीकृत बारा अंकी क्रमांक लागतो. धान्य उचलणाऱ्या कुटुंबांना तो रास्त भाव दुकानातील यंत्राच्या पावतीवरून मिळू शकतो, त्यामुळे ती पावती फेकून न देता पुस्तिकेत ठेवावी. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नसल्याने त्या कुटुंबांचा दुकानाशी संबंधच उरलेला नसतो आणि अनेकांच्या कार्डाची ऑनलाइन नोंदही झालेली नसते. अशा वेळी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत सर्व सदस्यांचे आधार घेऊन अर्ज करावा लागतो. या कामास लागणारा वेळ लक्षात घेता, रुग्णाला शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत वाट पाहणे धोक्याचे आहे. शासनाने पांढऱ्या कार्डधारकांना योजनेत घेतले, पण त्यांचे कार्ड संगणकावर आहे की नाही हे आधी तपासून ठेवले नाही, आणि त्याचा भुर्दंड रुग्णाने सोसावा, हे योग्य नव्हे.

ऊसतोडणीसाठी बीड आणि आसपासच्या भागातून आपल्याकडे येणाऱ्या मजुरांची शिधापत्रिका गावीच राहते. योजना राज्यभर लागू असल्याने जिल्हा आड येत नाही, परंतु तो बारा अंकी क्रमांक आणि पत्रिकेच्या सर्व पानांचे छायाचित्र मुकादमाच्या नव्हे, तर स्वतःच्या फोनमध्ये असावे.

नावांच्या बाबतीत सासुरवाशिणींची सर्वाधिक ओढाताण होते. आधारवर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, किंवा सासरच्या पत्रिकेत नावच नाही, असे प्रकार सतत आढळतात. माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याशिवाय सासरच्या पत्रिकेत ते चढत नाही. आधार आणि शिधापत्रिकेतील नावे पुरेशी जुळली नाहीत, तर अर्ज आपोआप मंजूर न होता पडताळणीसाठी पुढे जातो आणि तेथून नाकारलाही जाऊ शकतो. लग्नानंतर पहिल्या वर्षातच हे काम करून घ्यावे, बाळंतपणाची वाट पाहू नये.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, शिधापत्रिकाही लागत नाही, केवळ आधार पुरते. येथे चूक होते ती वय मोजण्यात. आपल्याकडे "सत्तरावे लागले" म्हणजे सत्तर झाले असे धरले जाते. योजनेसाठी सत्तर वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि तीही आधारवरील जन्मतारखेनुसार. अनेक वृद्धांच्या आधारवर अंदाजाने घातलेले वर्ष असते. ते दुरुस्त करता येते, परंतु जन्मतारखेत बदल करण्याची मुभा साधारणपणे एकदाच मिळते, त्यामुळे शाळेचा दाखला किंवा अन्य ग्राह्य पुरावा हाती आल्याशिवाय ती संधी खर्ची घालू नये. सैनिक टाकळीसारख्या गावांत माजी सैनिकांची संख्या मोठी आहे. ज्यांना ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, सुविधा आहे, त्यांना ती किंवा वय वंदना यांतील एकच निवडावी लागते. केंद्रचालकाने स्क्रीनवरील तो पर्याय परस्पर निवडू नये, याकडे घरच्यांनी स्वतः लक्ष द्यावे.

ओटीपीचा मार्ग बंद असेल तर बोटांच्या ठशांचा मार्ग असतो, आणि येथेच कष्टकरी माणूस अडतो. इचलकरंजीतील एक कांडीवाली, म्हणजे यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, बाई सेवा केंद्रात यंत्रावर एकेक बोट टेकवत होती. प्रत्येक वेळी लाल अक्षरे उमटत होती आणि ती पदराने बोट पुसून पुन्हा टेकवत होती. सुताने झिजलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नव्हत्या. तिला "पुन्हा कधीतरी या" असे सांगण्यात आले. वास्तविक चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आयुष्मान ॲपमध्येच उपलब्ध आहे. त्यासाठी फोनमध्ये आधारचे फेस आरडी हे ॲप असावे लागते आणि तोंडावर पुरेसा उजेड हवा. ठसे उमटत नसतील तर "चेहऱ्यावरून करा" असे ठामपणे सांगावे. ठसे न उमटणे हे अर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

जे कार्यकर्ते, आशा सेविका किंवा कॉलेजची मुले रुग्णांना हे पोर्टल शिकवतात, त्यांना एक कळकळीची विनंती आहे. काम लवकर उरकावे म्हणून आभा काढताना संपर्कासाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकू नये. आज सोपे वाटते, पण पुढे रुग्णाला आपल्याच नोंदी उघडायच्या असतील तेव्हा ओटीपी तुमच्याकडे येईल आणि तुम्ही उचगावला असाल, रुग्ण गगनबावड्याला. घरातील ज्या व्यक्तीकडे फोन असतो, तिचा क्रमांक द्यावा, तिच्याच बोटाने बटणे दाबून घ्यावीत आणि आभा क्रमांक केसपेपरच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. क्रमांक सापडत नसेल तर जुना परत मिळवण्याचा पर्याय पोर्टलवर असतो. दवाखाना बदलला म्हणून नवीन आभा काढण्याची गरज नाही. ओटीपी फोनवरून विचारणाऱ्या कोणालाही सांगू नये. कार्ड मंजूर करून देतो म्हणून आलेला फोन फसवणुकीचा समजावा आणि पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

कार्ड हाती आल्यानंतरही दाखल होण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे समाविष्ट, आहे का, आणि आपला उपचार योजनेच्या यादीत आहे का. बाह्यरुग्ण विभागातील रोजची औषधे यात येत नाहीत. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, कक्ष असतो. पैसे भरण्याच्या खिडकीवर जाण्याआधी तेथे जावे, कागद कमी असल्यास कोणता आणि केव्हापर्यंत द्यायचा, हे लिहून घ्यावे. योजनेतील उपचारासाठी पैसे मागितले गेल्यास १५५३८८ किंवा १४५५५ या योजनेच्या मदत क्रमांकावर रुग्ण दाखल असतानाच तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा.