घर-प्लॉटची दलाली (मराठवाडा)

राहते घर किंवा प्लॉट घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून व्यवहार रजिस्ट्रीपर्यंत नेण्याचा व्यवसाय. पाटीवर 'इस्टेट एजंट' लिहिलेले असले तरी बोलण्यात शब्द दलालच. कमिशन साधारण एक ते दोन टक्के, पुष्कळदा दोन्हीकडून. आकडा आधी बोलून घेतला नाही, तर रजिस्ट्री ऑफिसबाहेरच्या टपरीवर वाद ठरलेला.

मराठवाड्यात या धंद्याला जुन्या कागदांचे ओझे आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे शहरालगतच्या जमिनीच्या मुळाशी कुठे इनाम निघते, कुठे खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेली जमीन), कुठे कूळ. मुरलेला एजंट चालू सातबाऱ्यावर थांबत नाही, जुने फेरफार आणि खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) काढायला लावतो. दुसरा गुंता गुंठेवारीचा. शेताचे तुकडे पाडून वीस बाय तीसचे प्लॉट रजिस्ट्री न करता नुसत्या बॉन्डवर (स्टॅम्प पेपरवर) विकले गेले. छत्रपती संभाजीनगरच्या कडेच्या कितीतरी वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 मध्ये दुरुस्त झाला आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या अशा वस्त्या नियमित करून घेण्याची वाट उघडली. आता 'नियमित होईल' आणि 'नियमित झालाय' यातला फरक गिऱ्हाइकाला सांगतो की गिळतो, यावरून एजंट ओळखावा.

गिऱ्हाईक मात्र आधी पाण्याचे विचारते. नळ किती दिवसांआड? बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का? 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते कोणी विसरलेले नाही. जाणता एजंट याचे उत्तर स्वतः देत नाही. प्लॉट दाखवून झाला की शेजारच्या ओट्यावर बसलेल्या बाईंना हाक मारतो, "मावशी, टँकर कधीपासून लागतो हो इथं?" आणि गप्प उभा राहतो. मावशी म्हणाल्या "होळी झाली की," तर भाव खाली येतो, कधी सौदाही जातो. पण त्याच गिऱ्हाइकाचा मेहुणा पुढे घर शोधत याच्याकडेच येतो.

लातूरला शिकवण्यांसाठी आलेल्या मुलांच्या आईवडिलांना भाड्याची खोली पाहून देणे, हेही असेच कमी पैशाचे पण ओळख जोडणारे काम. खरेदीनंतर फेरफार नोंदवणे, मीटर नावावर करणे यासाठी सोबत जाणारा एजंट वास्तुशांतीच्या पंगतीत दिसतो.

घरबांधणी-विक्रीवर देखरेख ठेवणारा रेरा कायदा 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातली घरे-प्लॉट विकणाऱ्या एजंटाला महारेराची, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी लागते. 2023 मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. जुन्या घराची पुनर्विक्री त्यात येत नाही, आणि तालुक्याच्या गावी एजंटाच्या हाती बहुतेक तीच असते. तिथे इसारपावतीवर (आगाऊ रकमेच्या पावतीवर) साक्षीदार म्हणून त्याचीच सही घेतात. सौदा फिसकटला, की इसार परत मागायला गिऱ्हाईक आधी त्याचेच दार वाजवते.