फुंकर, अंगठा आणि करंगळी

ज्याला बोलता येत नाही, त्याला सोडून लोक शेजारी उभ्या असलेल्या आईला विचारतात, "ह्याला चहा चालतो का?" चहा पिणारा समोर व्हीलचेअरवर बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू येत असतं, कळत असतं. पर्यायी संवादसाधनांचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांचा म्हणून सांगतात. मला तो या चहाच्या प्रश्नाचा इतिहास वाटतो. उत्तर कोणी द्यायचं?

१९६०च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात रेग मेलिंग लुळ्या पडलेल्या रुग्णांना भेटायला जात. मानेखाली काहीच हलत नसलेल्या माणसाकडे कुणाला बोलवायला एक शिट्टी तेवढी होती. फुंकर मारता येते, तर तिच्यावर आणखीही काही चालवता येईल, हे मेलिंगना सुचलं. नळीतून फुंकायचं किंवा हवा ओढायची, आणि त्यावर घंटा, दिवा, रेडिओ, पुढे विजेचा टाइपरायटरसुद्धा. यंत्राचं नाव पडलं 'पॉसम'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मला जमतं'.

पण हे सगळं खाटेवरचं. दाराबाहेरचा विचार अमेरिकेतून आला. चौदाव्या वर्षी पोलिओ झालेले एड रॉबर्ट्स १९६२मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले. रात्री श्वासासाठी त्यांना 'आयर्न लंग' हे पेटीसारखं यंत्र लागायचं, म्हणून त्यांची राहायची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात केली गेली. त्यांना बोलता येत होतं. तरी ते या गोष्टीत हवेतच. १९७२मध्ये त्यांनी आणि साथीदारांनी बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं आणि स्वावलंबनाचा अर्थच बदलला. आंघोळ दुसऱ्याने घातली तरी चालेल. कधी आणि कुणाकडून घालून घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्याकडे आजही स्वावलंबन म्हटलं की 'स्वतःच्या हाताने जेवतो का?' एवढंच विचारतात.

१९८५मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना जिनिव्हात न्यूमोनिया झाला आणि जीव वाचवायला त्यांच्या श्वासनलिकेला छेद द्यावा लागला. बोलणं कायमचं गेलं. सुरुवातीला समोरच्याने तक्त्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंगनी भुवई उंचवायची. असं अक्षर-अक्षर जोडून एक वाक्य होईपर्यंत ऐकणाऱ्याला किती धीर लागत असेल! मग कॅलिफोर्नियाच्या वॉल्ट वोल्टोश यांचा 'इक्वलायझर' आला. हा संगणकाचा प्रोग्रॅम त्यांनी सासूबाईंसाठी लिहिला होता, त्यांनाही हॉकिंगसारखाच स्नायू लुळे पाडत जाणारा एएलएस हा आजार होता. पडद्यावरून शब्द सरकायचे, हवा तो आला की अंगठ्याने बटण दाबायचं. संगणक अभियंता डेव्हिड मेसन यांनी छोटा संगणक व्हीलचेअरलाच बसवला. माझ्या मते खरी उडी ही. यंत्र माणसाबरोबर घराबाहेर पडलं. पुढे अंगठाही थकला, तेव्हा गालाचा स्नायू हलवून तेच काम होऊ लागलं. सुरुवातीला मिनिटाला पंधराएक शब्द व्हायचे, शेवटी शेवटी जेमतेम एक.

निवडलेले शब्द संगणक बोलून दाखवायचा. हॉकिंगचा तो जगाच्या ओळखीचा आवाज अमेरिकेतल्या एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावरून घडवलेला होता. कर्करोगाने त्यांचाच आवाज हिरावला आणि १९८८मध्ये ते गेले. पुढे चांगले आवाज मिळू लागले तरी हॉकिंगनी हा सोडला नाही. तो आता त्यांचा झाला होता.

करंगळी आहे मुंबईची. मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि बोलणं अवघड. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनला दोनदा एम.ए. झाल्या आणि एका करंगळीने टाइप करून त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. टाइप केलेलं बोलून दाखवणारं 'लाइटरायटर' हे यंत्र त्या वापरतात. ते घडवणारे केंब्रिजचे टोबी चर्चिल तरुणपणीच स्वतःचा आवाज गमावून बसले होते.

भारतात २०१०मध्ये चेन्नईच्या अजित नारायणन यांचं 'आवाझ' हे संवादसाधन आलं, नंतर आयआयटी मुंबईचं 'जेलो' हे ॲप, तेही मराठीसह. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'संवादा'च्या व्याख्येत पर्यायी पद्धतीही धरल्या आहेत.

मराठीत मात्र प्रश्न वेगळेच निघतात. बोलणारा मुलगा की मुलगी, हे यंत्राला ठाऊक हवं. नाहीतर 'मी आले' आणि 'मी आलो' यांत घोळ होतो. एकेक अक्षर निवडणाऱ्याला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांसाठी दर वेळी आणखी थांबावं लागतं.

आणि फोन नसेल तिथे घरी केलेला, लॅमिनेट केलेला संवादफलक असतो. त्यावर पाणी, जेवण, शू, झोप ही चित्रं हमखास सापडतात, कारण ती सांभाळणाऱ्याच्या सोयीची. 'नको', 'मला राग आलाय', 'मला एकट्याला बसू दे' हे चौकोन शोधावे लागतात. आणि चहाखाली 'साखर कमी'.