सलाईनच्या नळीतला छोटा फिल्टर

कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे फॉस्फेटचं खत एकाच टाकीत कालवायचं नाही, हे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. कालवलं की कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरतात, पांढरा साका बसतो आणि ठिबकचे ड्रिपर चोक होतात. हीच रासायनिक क्रिया माणसाच्या शिरेत जाणाऱ्या द्रावणातही होते. १९९४ साली अमेरिकेत शिरेवाटे दिलेल्या पोषणद्रावणात कॅल्शियम फॉस्फेटचा असाच साका झाला, फुफ्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकला आणि दोन रुग्ण दगावले. द्रावणात स्निग्ध पदार्थ असल्याने ते मुळातच दुधाळ होतं, त्यामुळे साका डोळ्यांना दिसणंच शक्य नव्हतं. त्यानंतर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अशी द्रावणं देताना नळीत फिल्टर लावा, अशी सूचना काढली.

हा फिल्टर म्हणजे नाण्याएवढी एक पारदर्शक प्लॅस्टिकची चकती. रुग्णाच्या जितकी जवळ बसवता येईल तितकी जवळ ती बसवतात. आतल्या पातळ पडद्याला ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात. आपल्या डोळ्यांना साधारण ५० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही, आणि तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची असते. म्हणजे बाटली उजेडात धरून ‘स्वच्छ आहे’ म्हटलं, तरी केशवाहिनी बंद करू शकणारे कण तिच्यात असू शकतात. नेहमीच्या आयव्ही सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) ड्रिप चेंबरमध्ये, म्हणजे थेंब पडतात त्या कुपीत, जाळी असते, पण ती साधारण १५ मायक्रॉनची. त्याहून बारीक ते सगळं पुढे जातं. ०.२ मायक्रॉनचा पडदा कण अडवतो, जिवाणू अडवतो आणि हवेचे बुडबुडेही बाहेर सोडून देतो. स्निग्ध पदार्थ असलेल्या पोषणद्रावणाला मात्र १.२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो, कारण त्यातले तेलाचे थेंबच ०.२ मायक्रॉनपेक्षा मोठे असतात.

हे कण येतात कुठून? काचेचं अँप्युल (इंजेक्शनची बंद कुपी) फोडताना काचेचे कण औषधात पडतात. व्हायलच्या (औषधाच्या छोट्या बाटलीच्या) रबरी बुचात सुई खुपसली की रबराचा कण सुटतो. भुकटीचं इंजेक्शन नीट विरघळलेलं नसतं. आयसीयूत खरी अडचण औषधांच्या गर्दीची आहे. एका सेंट्रल लाइनवर (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर) चार-पाच सिरिंज पंप, थ्री-वेला (नळ्या जोडायच्या तोटीला) थ्री-वे जोडलेले, आणि सगळी औषधं शेवटच्या वीतभर नळीत एकत्र येतात. फिट्सवरचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) मिसळलं की त्याचे स्फटिक होतात. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम नवजात बाळाच्या शरीरात एकत्र आल्याने मृत्यू झालेले आहेत.

नाशिककरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मेंदूची सूज उतरवायला, म्हणजे हायवेवरच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्यांना, २० टक्के मॅनिटॉल देतात. या द्रावणात मॅनिटॉल इतकं ठासून भरलेलं असतं की गारठ्यात ते बाटलीतच गोठून खडे धरतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा उतरला की स्टोअरमधल्या बाटल्यांच्या तळाशी सुयांसारखे चकाकणारे स्फटिक दिसतात. बाटली गरम पाण्यात ठेवून, हलवून ते पूर्ण विरघळवायचे, द्रावण अंगाला सोसेल इतकं निवू द्यायचं आणि मग फिल्टरच्या सेटनेच चढवायचं. फिल्टर आहे म्हणून खडे दिसणारी बाटली तशीच लावणं हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

याचा रुग्णाला खरंच किती उपयोग होतो? जर्मनीत हॅनोव्हरच्या बाल अतिदक्षता विभागात ८०७ मुलांवर झालेल्या अभ्यासात (२०१२) फिल्टर लावलेल्या मुलांमध्ये गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. आयसीयूतला मुक्कामही साधारण एका दिवसाने घटला. मोठ्या माणसांवरच्या ऑस्ट्रियातल्या अभ्यासात (२०१५) शरीरातल्या दाहावर असा परिणाम दिसला नाही. त्यामुळे सरसकट प्रत्येक खाटेवर फिल्टर हवाच, असं मी म्हणणार नाही. पण एनआयसीयूतलं (नवजात अतिदक्षता विभागातलं) बाळ, शिरेवाटे पोषण घेणारा रुग्ण, मॅनिटॉल किंवा फेनिटॉइन चालू असलेला रुग्ण, यांच्या बाबतीत हयगय नको. बाळांच्या हृदयात जन्मतः मार्ग उघडा असतो. त्यातून कण किंवा हवेचा बुडबुडा फुफ्फुसांना वळसा घालून थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

जंतुसंसर्ग टाळण्याचा भरवसा मात्र फिल्टरवर टाकू नये. हात धुणं आणि प्रत्येक वेळी नळीचं तोंड स्पिरिटने घासून पुसणं, याला दुसरा पर्याय नाही. रक्त आणि प्लेटलेट्स या फिल्टरमधून कधीच द्यायचे नाहीत. त्यांचा सेट वेगळा, जाळी १७० ते २०० मायक्रॉनची. २०२१ साली काळ्या बुरशीच्या वेळी ज्यासाठी नातेवाईक मेडिकल पालथी घालत होते, ते लायपोसोमल अँफोटेरिसिनही ०.२ मायक्रॉनमधून जात नाही. पोषणद्रावणाचा फिल्टर दर २४ तासांनी बदलायचा, साध्या द्रावणांचे काही फिल्टर ९६ तास चालतात. पाकिटावर कंपनीने काय लिहिलंय ते वाचून तारीख-वेळ चिकटपट्टीवर लिहावी.

आणि फिल्टर चोक झाला, पंप ओरडायला लागला, तर गडबडीत तो काढून लाइन पुन्हा सुरू करायची नाही. रात्रपाळीत एकट्या सिस्टरवर आठ खाटा असताना हा मोह होणारच, पण ज्याने फिल्टर बंद केला तोच साका मग शिरेत जाणार असतो. लाइन थांबवावी, कोणती दोन औषधं एकत्र आली ते केस पेपरवर शोधावं, डॉक्टरांना सांगून त्यातलं एक दुसऱ्या लाइनवर न्यावं आणि नवा फिल्टर लावूनच पंप सुरू करावा.