आपोआप भरणारी बाराबोर : भरवशाच्या प्रश्नामागची सव्वाशे वर्षे

अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, घ्यायला निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो पंप घ्यावी की सेमी-ऑटो, हा. पंप बंदुकीत प्रत्येक बारानंतर नळीखालची मूठ हाताने मागे ओढून पुन्हा पुढे ढकलावी लागते. मग रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. सेमी-ऑटो हे काम स्वतःच करते, माणसाने फक्त चाप ओढायचा. ‘सेमी-ऑटो भराभर चालते खरी, पण ऐन वेळी दगा देते’ हे मत तिथल्या पोलिसांत आणि शिकाऱ्यांत कित्येक दशके बापाकडून मुलाकडे चालत आले. या मताचे मूळ शोधायचे तर बंदुकीच्या आधी काडतुसाकडे पाहावे लागते, असे मला वाटते. खरी अडचण तिथे होती आणि पुष्कळ अंशी आजही तिथेच आहे.

एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बाराबोर, शॉटगनचे नेहमीचे माप. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आपल्याकडे बँकेच्या दारातल्या सुरक्षारक्षकाच्या हातात दिसते ती बहुधा हीच, एकनळी किंवा दुनळी. रानडुकरांपासून आणि माकडांपासून पीक राखायला कोकणातल्या शेतकऱ्याकडे काडतुसाची बंदूक असते ती बहुतेक हीच, आणि पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसेही तिच्यासाठीच. सेमी-ऑटो मात्र आपल्याकडे सहसा पाहायला मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांनी अर्धस्वयंचलित बंदुका प्रतिबंधित वर्गात टाकल्या आहेत आणि सामान्य नागरिकाला त्या वर्गाचा परवाना जवळपास मिळतच नाही. म्हणून पुढची हकिकत बेल्जियम, अमेरिका आणि इटलीतली आहे.

रायफलच्या काडतुसाचा जोर ठरलेला असतो. बाराबोरचे तसे नाही. तिच्या एका काडतुसात २४ ग्रॅम बारीक छर्रे असतात, तर दुसऱ्यात ५० ग्रॅमच्या वर, आणि दोन्ही एकाच बंदुकीत घातली जातात. दुनळी बंदूक माणूस हाताने मोडून उघडतो, त्यामुळे तिला या फरकाचे काही वाटत नाही. जी बंदूक काडतुसाच्याच जोरावर उघडते, तिला फरक पडतो. हलक्या काडतुसाने तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता अडसर, अर्ध्यावरच थांबतो, जड काडतुसाने ती स्वतःलाच बडवून घेते. त्यात जुनी काडतुसे पुठ्ठ्याची. दमट हवेत ती फुगत आणि नळीच्या तोंडाशी चिकटून बसत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या बंदुकांसाठी अमेरिकी लष्कराला पितळी काडतुसे करून घ्यावी लागली, ती यामुळेच.

या बेभरवशाच्या काडतुसावर चालणारी बंदूक पहिल्यांदा नीट जमवली जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. हे युटा प्रांतातल्या ऑग्डेनचे, बंदूककाराचेच पुत्र. १८९८ च्या सुमारास त्यांचा आराखडा तयार झाला आणि १९०० मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. तोवर ते आपले आराखडे विंचेस्टर कंपनीला ठोक किमतीत विकून मोकळे होत असत. या वेळी मात्र त्यांनी प्रत्येक विकलेल्या बंदुकीमागे हिस्सा मागितला. कंपनीचे प्रमुख बेनेट यांनी नकार दिला आणि जुना संबंध तिथेच तुटला. मग ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेले. तिथले अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्याशी भेट ठरली होती, पण ती होण्याआधीच जानेवारी १९०२ मध्ये हार्टली हृदयविकाराने वारले. शेवटी ब्राउनिंग बंदुकीचा नमुना घेऊन अटलांटिक ओलांडून बेल्जियमला गेले. लिएजजवळच्या हर्स्टालमधली फाब्रीक नासिओनाल ही कंपनी आधीच त्यांची पिस्तुले बनवत होती. तिने बंदूक घेतली आणि पुढे ती ‘ऑटो-५’ या नावाने जगभर गेली. रेमिंग्टनने १९०५ पासून तिचीच अमेरिकी आवृत्ती ‘मॉडेल ११’ म्हणून काढली.

या बंदुकीत बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना जखडलेले राहून एकत्र पार मागे येतात. मग नळी सुटून पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे काडतूस घेऊन बोल्ट तिच्या मागोमाग पुढे जातो. एवढी मोठी नळी दर बाराला पुढे-मागे धावते, म्हणून खांद्याला बसणारा धक्काही दुहेरी जाणवतो. हलक्या-जड काडतुसाचा प्रश्न ब्राउनिंगनी घर्षणाने सोडवला. मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे भरून ठेवायच्या, नळकांड्यावर नळीच्या स्प्रिंगसोबत एक पितळी ब्रेक आणि एक पोलादी कडी असते. जड काडतुसे वापरायची असली, तर कडी ब्रेक आणि स्प्रिंग यांच्या मध्ये घालायची, म्हणजे घर्षण वाढून नळीचा वेग आवरतो. हलकी वापरायची असली की कडी काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला ठेवायची. हे सगळे ज्याने समजून घेतले, त्याच्या हातात ऑटो-५ आयुष्यभर चालली. ज्याने समजून घेतले नाही, त्याची बंदूक एकतर अडकली, नाहीतर पुढच्या लाकडी मुठीला तडा गेला. सेमी-ऑटोची बदनामी मला वाटते इथून सुरू झाली. दोष यंत्राचा कमीच होता. मालकाने कडी बदलायची, ही अपेक्षाच जास्त होती.

विंचेस्टरची गत याहून वाईट झाली. ब्राउनिंगच्या पेटंटमध्ये बोल्ट ओढायची मूठही आलेली होती, त्यामुळे विंचेस्टरच्या अभियंत्यांना ती वापरता येईना. १९११ मध्ये आलेल्या त्यांच्या सेमी-ऑटोला म्हणून मूठच नव्हती. नळीचा खडबडीत केलेला भाग धरून सगळी नळी मागे ढकलायची, अशी योजना होती. फुगलेले काडतूस आत अडकले की लोक दस्ता जमिनीवर टेकवून दोन्ही हातांनी नळी खाली दाबत, तिचे तोंड आपल्याकडेच ठेवून. या बंदुकीला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले आणि १९२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

ऑटो-५ मात्र टिकली. दुसऱ्या महायुद्धात रेमिंग्टनच्या मॉडेल ११ वर विमानातल्या तोफचींना हलते लक्ष्य टिपायला शिकवले गेले. १९४८ नंतर मलायाच्या जंगलातल्या ब्रिटिश गस्ती पथकांनी ऑटो-५ जवळ बाळगली. दाट झाडीत शत्रू अचानक काही पावलांवर समोर येतो, तिथे भराभर बार टाकणाऱ्या बंदुकीची किंमत कळते.

यापुढचा टप्पा वायूचा. नळीतल्या जळत्या दारूचा थोडा वायू बारीक भोकांतून काढून त्याने दट्ट्या ढकलायचा. ही कल्पना रायफलींत रुळलेली होती, शॉटगनमध्ये ती १९५६ च्या आसपास बाजारात आली. तिला खरे यश मिळाले १९६३ च्या ‘रेमिंग्टन ११००’ मुळे. धक्का मऊ, चाल गुळगुळीत. पुढे ४० लाखांहून जास्त बंदुका विकल्या गेल्या. त्याच सुमारास पुठ्ठ्याच्या जागी प्लॅस्टिकची काडतुसे आली. या बदलाला मी ११०० इतकेच श्रेय देईन, कारण फुगून अडकण्याचा जुना रोग त्याने संपवला. पण जोरातल्या फरकाचा रोग राहिलाच. साध्या काडतुसाच्या आणि जादा जोराच्या तीन इंची ‘मॅग्नम’ काडतुसाच्या नळ्यांना भोके वेगवेगळ्या मापाची लागत. शिवाय वायूबरोबर काजळी येते. मॅगझिनच्या नळकांड्यावरचे एक रबरी कडे झिजले किंवा तुटले, की चांगली चाललेली बंदूक अचानक हट्टाला पेटायची.

पोलिसांनी त्यामुळे पंपच धरून ठेवला. १९५० पासूनची पंप ‘रेमिंग्टन ८७०’ अमेरिकी गस्ती गाडीत ठरलेलीच असे. अश्रुधुराचे किंवा रबरी गोळीचे कमी जोराचे काडतूस सेमी-ऑटो चालवूच शकत नाही, पंपमध्ये ते हाताने चालते. पण पंपचा भरवसा दोन धड हातांवर उभा असतो. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे एडमंडो मिरेलेस यांच्या डाव्या हाताचे हाड गोळीने फोडले. त्यांनी ८७० एका हाताने चालवली. प्रत्येक बारानंतर बंदूक कशीबशी अडकवून उजव्याच हाताने मूठ ओढली आणि एकामागून एक पाच बार काढले. त्या दिवशी एफबीआयचे दोन जण मेले आणि पाच जखमी झाले. मिरेलेस यांच्या धैर्याची ही हकिकत वाचताना पंपची मर्यादा जितकी स्पष्ट दिसते, तितकी कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही.

इटलीत तोवर तिसरा मार्ग सापडला होता. बोलोन्याच्या ब्रुनो चिव्होलानी यांची युक्ती घेऊन मोटरसायकलवाल्या बेनेल्ली कुटुंबाने १९६७ मध्ये उर्बिनोत बंदुकीची कंपनी काढली. युक्ती आपल्या एसटीतली आहे. गाडी झटक्यात सुटली की उभा प्रवासी होता तिथेच राहू पाहतो. तशी बाराच्या धक्क्याने सगळी बंदूक मागे जाते, पण बोल्टचा जड भाग जागीच राहतो आणि त्याच्यामागची नव्हे, तर त्याच्या आणि बोल्टच्या डोक्याच्या मधली दणकट स्प्रिंग दाबली जाते. पुढच्या क्षणी ती स्प्रिंग सुटते, डोके फिरून कुलूप उघडते आणि बोल्ट मागे धावतो. भोके नाहीत, दट्ट्या नाही, काजळी नळीतूनच बाहेर. बेनेल्लीच्या ‘एम१’ ने १९८० च्या दशकात सेमी-ऑटोवरचा पोलिसांचा अविश्वास पुष्कळ कमी केला. तरी एक अट राहिली, बंदूक मागे सरकली पाहिजे. तिच्यावर जड दिवा आणि जास्तीची काडतुसे लटकवली किंवा दस्ता भिंतीला टेकला, की हलक्या काडतुसावर ती अडखळू शकते. याच काळात इटलीतच ‘फ्रँकी स्पास-१२’ आणि ‘बेनेल्ली एम३’ अशा दुहेरी बंदुकाही निघाल्या, खटका फिरवला की सेमी-ऑटोची पंप होणाऱ्या. अश्रुधुराच्या काडतुसाला ते उत्तर होते, पण वजनदार आणि गुंतागुंतीचे.

१९९८ मध्ये अमेरिकी लष्कराने नवी सेमी-ऑटो बाराबोर मागवली, तेव्हा बेनेल्लीने स्वतःचीच प्रसिद्ध यंत्रणा बाजूला ठेवली. रात्रीच्या दुर्बिणी, दिवे यांचे वजन बंदुकीवर येणार हे उघड होते. ‘एम४’ मध्ये त्यांनी दोन आखूड पोलादी दट्टे काडतुसाच्या खोलीला लागूनच पुढे बसवले. तिथे वायू गरम असतो, त्यामुळे काजळी कमी धरते, आणि जोर जास्त झाला तर जादा वायू आपोआप सोडला जातो. कडी बदलायची नाही की नळी बदलायची नाही. मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या चाचणीत ती इतरांवर सरस ठरली आणि अमेरिकी मरीन सैन्यात ‘एम१०१४’ या नावाने दाखल झाली. हलके-जड काडतूस ओळखण्याचे जे काम ब्राउनिंगनी मालकावर सोपवले होते, ते इथे बंदुकीने स्वतःकडे घेतले.

आज अमेरिकी घरात येणारी सेमी-ऑटो बहुधा चिव्होलानींच्या स्प्रिंगच्या किंवा वायूच्या वाटेवरची असते. १९८३ पासून बेनेल्ली बेरेट्टाच्या मालकीची आहे आणि बेरेट्टाची स्वतःची ‘१३०१’ वायूवर चालते. पेटंटची मुदत संपल्यावर तुर्कस्तानातल्या कोन्या प्रांतातल्या हुलू आणि आसपासच्या कारखान्यांनी चिव्होलानींची यंत्रणा स्वस्तात आणली. स्वस्त म्हणून मी ती नाकारणार नाही, पण घरात संरक्षणासाठी जे काडतूस भरून ठेवायचे, तेच त्या बंदुकीतून शेकड्यांनी झाडून पाहिल्याशिवाय कोणीही, कितीही मोठ्या नावाच्या सेमी-ऑटोवर विसंबू नये. नेमबाजीच्या मैदानावर चालणारी हलकी काडतुसे तिने पचवली, यावरून जड छऱ्यांबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि उलटही नाही.

जुन्या ऑटो-५ चे उत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबले. २०१२ मध्ये ब्राउनिंग कंपनीने ‘ए५’ नावाची नवी बंदूक काढली. मागचा तो ओळखीचा चौकोनी कुबड तसाच ठेवला आहे, पण नळी आता जागची हलत नाही, आणि पितळी ब्रेक, पोलादी कडी दोन्ही गेली. आत चालते ती बोलोन्याची स्प्रिंग.