आठ फुटी प्लायची चौदा फुटी नाव

महापुरात गुऱ्हाळाची काहीलसुद्धा नाव होते, हे शिरोळ-करवीरच्या माणसाला सांगायला नको. 2019 आणि 2021 चे पूर पाहिल्यावर घरच्या घरी प्लायची छोटी नाव बांधायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर नवल नाही. पण त्या गप्पांत दोन वाक्यं हमखास येतात. एक, "जोड आला की तिथं मोडतंयच." दुसरं, "डिंक भारीतला लाव, कुठं जातंय!" दोन्ही चूक, आणि दुसरं जास्त धोक्याचं.

प्लायचा शीट आठ बाय चार फुटांचा. नाव चौदा फुटी हवी, म्हणजे जोड टळत नाही. दोन शीट टोकाला टोक भिडवून कितीही महागडा डिंक लावला तरी तो जोड कच्चाच. लाकूड म्हणजे लांबट नळ्यांचा जुडगा. त्या आडव्या कापल्या की टोकाला उघडी भोकं राहतात. ती डिंक आत ओढून घेतात आणि जोडात धरायला फारसं काही उरत नाही. पाठीमागून प्लायची पट्टी मारता येते, पुष्कळजण तेच करतात. पण पट्टीपाशी फळी फार ताठ होते. नावेचा वाक तिथं सपाट पडतो आणि पट्टीच्या कडेला ताण गोळा होतो.

म्हणून तिरका जोड, ज्याला स्कार्फ म्हणतात. मला तो फार आवडतो. उसाचं कांडं आडवं तोडलं तर तोंड गोल दिसतं, कोयता तिरका बसला तर लांबोळकं. तसंच प्लायचं टोक जाडीच्या आठपट लांबीत उतरतं करायचं. 6 मिमीच्या प्लायला 48 मिमीचा उतार. चिकटायची जागा आठपट झालीच, शिवाय उघड्या भोकांऐवजी नळ्यांच्या बाजू डिंकाला मिळाल्या.

खरी गंमत पुढं आहे. जोडलेली फळी दोन्हीकडून ओढली की तिरक्या पृष्ठभागावर ओढीचे दोन भाग पडतात: एक घसरवणारा, एक उचकटणारा. दर चौरस मिलिमीटरचा हिशेब केला, तर घसरवणारा ताण मूळ ताणाच्या 8/65, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा. उचकटणारा फक्त 1/65. डिंकाला घसरण झेपते, उचकटणं झेपत नाही. टोकाला टोक भिडवलेल्या जोडात सगळाच ताण उचकटणारा असतो. ज्याला साइन-कोसाइन नको त्यानं एवढंच धरावं: उतार दुप्पट लांब केला की उचकटणारा ताण जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. विमानाच्या लाकडी तुळयांत दहा-बारापट उतार ठेवतात तो यासाठीच.

उतार नीट आला का, हे प्लाय स्वतःच दाखवतो. दोन्ही शीट पायरीसारखे एकावर एक ठेवून एकदमच रंधा मारायचा. जसजसं लाकूड निघतं तसतसे थर फिक्या-गडद पट्ट्यांसारखे उघडे पडतात. पट्टे सरळ आणि एकमेकांना समांतर दिसले, की उतार बरोबर. पट्टा वाकला तिथं खड्डा किंवा उंचवटा आहे.

मग एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणारा डिंक. आधी हार्डनर मिसळलेलं पातळ रेझिन पाजायचं, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं लावायचं. शिकंजा बेतानं आवळायचा, नाहीतर सगळं रेझिन बाहेर येऊन जोड कोरडा पडतो. फायबरचं काम करणारे लवकर व्हावं म्हणून हार्डनर थोडा वाढवतात. त्यांच्या पॉलिएस्टर रेझिनला ते काही मर्यादेपर्यंत चालतं, एपॉक्सीत अजिबात नाही. तिथं हार्डनरचे रेणू रेझिनच्या रेणूंशी ठरलेल्या प्रमाणात जोडले जातात. जास्तीचे तसेच पडून राहतात आणि जोड कायमचा मऊ. अमावास्येला चिकटवलेलं सुटतं, असंही काहीजण सांगतात. रेझिनला तिथी कळत नाही, तापमान कळतं: दर दहा अंशांमागे क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. कोल्हापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी मगात ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेनं धुमसू लागतं. ते पसरट ताटलीत ओतावं.

खऱ्या शीटला हात लावण्याआधी उरलेल्या प्लायचे दोन तुकडे असेच जोडावेत आणि रेझिन पुरतं कडक झाल्यावर, म्हणजे काही दिवसांनी, गुडघ्यावर मोडून पाहावेत. लाकूड फाटून तंतू निघाले तर जोड पक्का. डिंकाची चकचकीत रेघ तशीच राहून तुकडे सुटले, तर बहुधा प्रमाण चुकलंय किंवा पृष्ठभाग तेलकट राहिलाय. मग तो सगळा उतार पुन्हा रंध्याखाली घालावा लागतो.