आधी बाण, मग वाक्य

विद्यापीठातल्या निबंधांचं एक ठरावीक दुखणं असतं. वाक्यं शुद्ध, संदर्भ भरपूर, सुटा वाचला तर प्रत्येक परिच्छेद बरा; पण सगळं मिळून म्हणायचं काय आहे, ते कळत नाही. ‘तसेच’, ‘याशिवाय’ अशा शब्दांनी परिच्छेद एकमेकांना नुसते डकवलेले असतात. अशा विद्यार्थ्याला ‘भाषा सुधार’ असं सांगून काही होत नाही. त्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी, आणि चित्र काढायला सांगावं.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या संशोधकांनी माणसांना लिहिता लिहिता मनातलं मोठ्यानं बोलायला लावलं. 1981 साली त्यांनी मांडलं की आखणी, शब्दांकन आणि तपासणी एकामागून एक होत नाहीत, त्या सतत एकमेकींत घुसतात. हा सगळा कारभार चालतो कार्यकारी स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, आणि तिथे जागा फार थोडी. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या 2001 च्या अंदाजानुसार एका वेळी साधारण 4 गोष्टी मावतात. वाक्य कसं संपवावं या विचारात असताना तिसरा मुद्दा निसटला, तर नवल नाही.

मुद्दे कागदावर मांडले की ते डोक्यात धरून ठेवावे लागत नाहीत. पण मग साधी यादी का नको? यादीही उपयोगी पडतेच. फक्त ती क्रम दाखवते, नातं दाखवत नाही.

नातं दाखवतो तो संकल्पना-नकाशा. जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात 1972 च्या सुमारास तो घडवला, तोही निबंधासाठी नव्हे, तर मुलांची विज्ञानाची समज कशी बदलते हे पाहण्यासाठी. चौकटीत संकल्पना, मधे रेघ, आणि रेघेवर जोडणारा शब्द. हा शब्द महत्त्वाचा. मधल्या एका विषयातून फांद्या फुटत जाणाऱ्या रंगीबेरंगी माईंड मॅपमध्ये तो बहुधा नसतो, म्हणून मला ते देखणे पण आळशी वाटतात.

समजा विषय आहे, ‘मोटारींवरचा कर वाढवावा का?’ विद्यार्थी ‘कर’पासून ‘कमी मोटारी’कडे बाण काढतो आणि वर लिहितो ‘मुळे’. मग अडतो. बस वेळेवर येत नसेल तर लोक मोटार सोडतील कशाला? ते कर भरतील आणि कुरकुरतील. म्हणजे मधे ‘सार्वजनिक वाहतूक’ नावाची चौकट हवी होती. सलग गद्यात हीच फट ‘साहजिकच’ या शब्दाखाली बिनबोभाट लपली असती.

एक सावधगिरी. जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांच्या 2011 च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी विज्ञानाचा उतारा समोर ठेवून असे नकाशे काढले, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत दुसरा गट सरस ठरला. तो प्रयोग निबंधाचा नव्हता, तरी मी त्यातून एवढं घेतो: नकाशा काढताना पुस्तक मिटलेलं बरं. समोर असलं की आपण त्याचीच मांडणी उतरवत बसतो.

मसुदा झाल्यावर हाच खेळ उलटा खेळता येतो. प्रत्येक परिच्छेदाची एक चौकट करायची आणि बाण जोडत जायचं. एखादी चौकट एकटीच उरते. बऱ्याचदा तो लिहिणाऱ्याचा सर्वांत लाडका परिच्छेद असतो, आणि मग तो ठेवण्यासाठी बाणावर कुठला शब्द बसवता येईल, याची खटपट सुरू होते.